गाडी आधी दोन पायांवर उभी कर

अगं बाई, बाबांनी स्प्लेंडरची चावी तुझ्या हातात दिली, हे ऐकून केवढं बरं वाटलं! त्यांचे गुडघे आता ऐकत नाहीत, गाडी ओसरीत धूळ खात उभी, आणि तुझं रोजचं सेलू-वर्धा जाणं-येणं. एसटीच्या भरवशावर नोकरी किती दिवस निभावणार? झालं ते उत्तमच झालं. पण पुढे तू म्हणालीस, "ताई, डबल स्टँड मोडला आहे. मिस्त्री म्हणतात काढूनच टाका, साईड स्टँडवर भागतं." ते काही मला पटलं नाही. नाही वं, नाही भागत. निदान आपल्या गावात, जुन्या गाडीवर, एकट्या बाईमाणसाचं तर नाहीच भागत. म्हणून आज जरा सविस्तर बोलते. चहा घेऊन बस.

मिस्त्रीभाऊ वाईट सांगत नाहीत, आपल्या सोयीचं सांगतात. त्यांच्या दुकानात गाडी धरायला दोन पोट्टे असतात, खाली सारायला ठोकळा असतो. तुझ्याजवळ वाटेत काय असणार? सेलूच्या पुढे कुठे मागचं चाक पंक्चर झालं, तर पंक्चरवाला आला तरी चाक आधी जमिनीवरून सुटायला हवं. डबल स्टँड असला की मागचं चाक अधांतरी होतं, अ‍ॅक्सल काढला की चाक बाहेर. नसला तर गोटे गोळा करून गाडी टेकवत बसायचं, आणि ती कोणाच्या अंगावर कलंडते का, याची धास्ती वेगळी.

चेनचंही तेच. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल चेन खाऊन टाकतात. चेन सैल आहे की ताणलेली, हे बघायला चाक हाताने फिरवावं लागतं, कारण झिजलेली चेन एका ठिकाणी ढिली आणि दुसऱ्या ठिकाणी ताठ असते. गाडी डबल स्टँडवर, गिअर न्यूट्रल, चाक थोडं थोडं फिरवत चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून बघायचं. अशा 100 सीसीच्या गाडीत साधारण दोन-तीन सेंटीमीटर खेळ असावा. आणि इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. चाक आपोआप फिरावं म्हणून इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन पुसणारे महाभाग तू पाहिले असशील. तसं कधीही करू नकोस. फडकं चेनमध्ये ओढलं जातं, फडक्यामागे बोटं जातात, आणि पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. चाक हातानेच फिरवायचं, इंजिन बंद ठेवून.

मग ऑइल. जुन्या गाडीचं इंजिन ऑइल पितं, म्हणून ते अधूनमधून बघावं लागतं. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, आतलं ऑइलही कलतं आणि पट्टीवरची खूण खोटी दिसते. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर सरळ उभी करायची, पट्टी काढून पुसायची आणि पुन्हा आत टेकवायची. हिरो होंडाच्या गाड्यांत मोजताना पट्टीचे आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की निश्चिंत हो.

आणि आपली काळी माती तुला काय सांगायची! श्रावणात वावराच्या धुऱ्यावर साईड स्टँड लावून गेलीस, तर तो बोटभर पाय हळूहळू रुतत जातो आणि परत येईतो गाडी आडवी. क्लचचा लिव्हर मोडला, आरसा गेला, टाकीला पोचा पडला, झाकणातून पेट्रोल गळलं, एवढं सगळं त्या एका पायापायी. डबल स्टँडही चिखलात रुततो, नाही असं नाही. पण तो दोन्हीकडून सारखा रुततो, शिवाय मागचं नाही तर पुढचं चाक टेकलेलं असतंच. तरी सवय म्हणून डिकीत किंवा सीटखाली हातभर फळीचा तुकडा ठेव. स्टँडखाली टाकला की झालं. ढेपेचं पोतं किंवा दुधाच्या कॅन लादायच्या असतील तेव्हाही गाडी डबल स्टँडवरच हवी. साईड स्टँडवर उभ्या गाडीवर वजन चढवलं की सगळा भार त्या एका पायावर आणि फ्रेमच्या एका कानावर येतो. जुन्या गाड्यांचे साईड स्टँड वाकलेले दिसतात ना, त्याचं अर्धं कारण हेच.

आपल्या आईच्या पिढीला हे कोणी शिकवावं लागलं नाही, कारण अंगणात चेतक असायची. 1972 साली आलेली बजाजची ती स्कूटर उभी करायची म्हणजे मधल्या स्टँडवरच. शाळकरी पोरंसुद्धा एका पायाच्या दणक्यात ती चढवायची. बजाज म्हणजे तसं आपल्या वर्ध्याचंच घराणं. जमनालालजी ज्यांच्या घरी दत्तक आले, ते सेठ बच्छराज वर्ध्याचे, आणि 1945 साली कंपनी निघाली तीही बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने. बजाज ऑटो हे नाव 1960 मध्ये आलं. पुढे 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि हाताशी दोन्ही स्टँड असले की माणूस सोपा तो वापरतो. बघता बघता डबल स्टँड लावायचं कसबच घराघरांतून गेलं. आता स्टँड गंजून अडकला की लोकांना वाटतं, हा नसला तरी चालतं.

तर आता तुझ्या गाडीकडे येऊ. आधी बघ, मोडलं म्हणजे नेमकं काय मोडलं. अंगणातल्या फरशीवर गाडी घे, सायलेन्सर थंड होऊ दे, मोबाईलचा टॉर्च लाव आणि खाली वाक.

स्टँड खाली लोंबतोय, गतिरोधकावर खाडकन घासतोय, तर स्प्रिंग गेली. स्प्रिंगपायी अख्खा स्टँड बदलू नकोस. स्टँड लागतो, पण मागचं चाक जमिनीवरून सुटतच नाही, तर पाय झिजलेत. मात्र त्याआधी बाबांना विचार, कोणी मागे जाड टायर किंवा उंच शॉकअप बसवलेत का. तसं असेल तर स्टँड बिचारा निर्दोष आहे, चाकच खाली आलंय. उलट, शॉकअप दबलेले असतील किंवा टायरात हवा कमी असेल, तर गाडी मुळातच खाली बसते आणि स्टँडवर चढवायला जड जाते. पुष्कळ जणी म्हणतात, "मला डबल स्टँड जमत नाही." त्यातल्या निम्म्यांच्या गाडीत आधी हवा भरायला हवी असते.

स्टँड लावल्यावर गाडी डुगडुगते, एका अंगाला कलते, तर ज्या रॉडवर स्टँड फिरतो तो रॉड किंवा त्यातला बुश झिजलाय. ज्यावर पाय देतो ती जीभ वाकली किंवा तुटली असेल तर ते डोळ्यांनाच दिसतं. आणि शेवटी, सगळ्यांत नीट बघायचं ते फ्रेमचे दोन कान, ज्यांच्यातून तो रॉड आरपार जातो. तिथे चीर असेल, भोक लांबट झालं असेल, तर नवा स्टँड आणून काही उपयोग नाही. आधी फ्रेमचं काम, मग स्टँड.

समजा स्टँडच गेला. मग बाजारात जायच्या आधी आरसी बुक काढ. त्यावरचं मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर मोबाईलमध्ये उतरवून घे. नुसतं "स्प्लेंडरचा स्टँड द्या" म्हणू नकोस. स्प्लेंडर, स्प्लेंडर प्लस, सुपर स्प्लेंडर, एनएक्सजी, नाव एक असलं तरी गाड्या वेगळ्या. सुपर स्प्लेंडर तर 125 सीसीची. कोणी म्हणालं, "हिरो होंडा तर बंद झाली, आता पार्ट कुठे?" तर गडबडून जाऊ नकोस. 2010 च्या अखेरीस हिरो आणि होंडाने वेगळं व्हायचं ठरवलं आणि 2011 मध्ये कंपनी हिरो मोटोकॉर्प झाली, एवढंच झालंय. रस्त्यावर अजून इतक्या स्प्लेंडर धावतात की पार्ट मिळणार नाही असं होतच नाही. खरी वणवण येझदीवाल्यांची आणि आरएक्स 100 वाल्यांची. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, आरएक्स 100 सुद्धा त्याच वर्षी थांबली. त्यांचे मालक एकेका स्प्रिंगसाठी नागपूरच्या कबाड्यांकडे खेटे घालतात. तुझं तसं नाही. आधी सेलूतच विचार, नाही मिळाला तर वर्धा, आणि नागपूर अगदी शेवटी.

जाताना जुना स्टँड काढून पिशवीत घालून ने. मळका, गंजका, कसा का असेना, ने. दुकानदाराने नवा समोर ठेवला की दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला सांग. रॉड जातो त्या नळीची लांबी सारखी आहे का? नळीचं भोक तेवढंच आहे का? भोकापासून पायाच्या तळापर्यंत उंची तीच आहे का? स्प्रिंगचा हुक त्याच बाजूला, त्याच जागी आहे का? पाय द्यायची जीभ तेवढीच बाहेर आलेली आहे का? यातलं एक जरी "थोडं इकडे-तिकडे, पण बसेल" असेल, तर पिशवी उचल आणि पुढच्या दुकानात जा. हुक बोटभर सरकलेला असला तर स्प्रिंग एक तर ढिली राहते नाही तर लवकर तुटते. जीभ आखूड असली तर गाडी चढवताना तुझा घाम निघतो. उंची जास्त असली तर चढवताच येत नाही, कमी असली तर चाक सुटत नाही.

कंपनीचा की लोकल? कंपनीचा मिळाला तर तोच घे. पाकिटावर पार्ट नंबर आणि किंमत छापलेली असते, ती बघून पैसे दे. लोकल घ्यावा लागला तरी हरकत नाही, पण काळ्या रंगाला भुलू नकोस. रंगाखालचं वेल्डिंग बघ. दोन्ही पाय मधल्या आडव्या नळीला जोडलेत तिथे आणि जिभेच्या मुळाशी वेल्डिंगची वळी सलग, भरीव फिरलेली हवी. नुसते टाके मारलेले असतील तर परत दे. मग तो स्टँड काउंटरवर दोन पायांवर उभा धर. एक पाय अधांतरी राहत असेल तर गाडी आयुष्यभर डुगडुगेल. कबाड्याकडचा ओरिजिनल जुना स्टँडही कधी कधी नव्या लोकलपेक्षा सरस निघतो. त्यात चीर नाही, नळी आतून झिजलेली नाही आणि तळ शाबूत आहे, एवढं बघ. मात्र स्प्रिंग, वॉशर, स्टँड वर गेल्यावर ज्यावर आपटतो तो रबर आणि स्प्लिट पिन, हे चार जिन्नस नवेच. रॉडला बोटाचं नख फिरवून बघ. नख कुठे पायरीवर अडकलं, तर रॉडही नवा.

पाय तेवढे झिजले असतील तर वेल्डिंगवाल्याकडून तळाला पट्टी मारून घेता येते. स्वस्तात काम होतं, आणि पट्टी जरा रुंद असली तर काळ्या मातीत चांगलीच. पण स्टँड गाडीवरून काढून मगच वेल्डिंग करायचं. गाडीवर ठेवून करायला निघाले तर "थांबा भाऊ" म्हण. वर पेट्रोलची टाकी आहे, आणि वेल्डिंगचा करंट वायरिंगमध्ये, सीडीआयमध्ये शिरला तर स्टँडपेक्षा महागाचं दुखणं होतं. फ्रेमच्या कानाचं काम असेल तर गाडी तिथे न्यावीच लागते. तेव्हा टाकी उतरवून, बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि सीडीआयचा कनेक्टर सोडवूनच सुरुवात होऊ दे.

आता बसवणं. तू म्हणशील, ते मिस्त्रीचं काम. असू दे. पण तिथे उभी राहून बघ. जमलं तर भावाला सोबत घेऊन घरीच कर. अवघड काही नाही, थोडा धीर लागतो.

पहिली अडचण अशी की ज्यावर गाडी उभी करायची तोच स्टँड काढायचा आहे. म्हणून साईड स्टँड लाव, गिअर पहिल्यात ठेव, पुढचा ब्रेक लिव्हर दाबून दोरीने मुठीला बांध, इंजिनाखालून जाणाऱ्या फ्रेमच्या पाइपांखाली लाकडी ठोकळा सार, आणि मागची दांडी ओसरीच्या खांबाला दोरीने बांधून टाक. विटा रचू नकोस, वीट फुटते. कोणीतरी एकाने गाडीला हात लावून उभं राहायचंच.

काही काढायच्या आधी चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढ. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा पायडलही स्टँडच्याच रॉडवर बसवलेला असतो. आधी कोणतं वॉशर होतं आणि नंतर कोणतं, हे संध्याकाळपर्यंत डोक्यात राहत नाही, फोटोत राहतं. स्प्रिंग काढ, स्प्लिट पिनचे पाय पकडीने सरळ करून ओढ, मग रॉड. रॉड वर्षानुवर्षांच्या चिखलाने जाम झालेला असणार. आदल्या रात्री दोन्ही टोकांना थोडं डिझेल सोडून ठेव. हातोडी थेट रॉडवर मारायची नाही, टोक फुलतं आणि मग तो भोकातून बाहेरच येत नाही. मध्ये लाकडाचा तुकडा धरून हळूहळू ठोक.

रॉड निघाला की फ्रेमचे कान, नळी, बुश सगळं डिझेलने धुऊन कोरडं पूस. मग ग्रीस. हात आखडू नकोस, रॉडला सगळीकडून आणि नळीच्या आतही भरपूर लाव. नवा स्टँड जागेवर धरून रॉड आरपार घाल, वॉशर, नवी स्प्लिट पिन, आणि पिनचे दोन्ही पाय दोन दिशांना नीट वळव. जुनी पिन परत वापरायची नाही. एकदा वाकून सरळ झालेली तार कधी तुटेल सांगता येत नाही, आणि पिन पडली की रॉड सरकत सरकत बाहेर येतो.

राहिली स्प्रिंग, आणि तीच खरी कसोटी. बोटांनी ओढून ती कधी बसत नाही. दोन युक्त्या सांगते. एक म्हणजे मजबूत नायलॉनची दोरी स्प्रिंगच्या टोकाच्या आकड्यात ओव, दोरीचं दुसरं टोक हातोडीच्या दांड्याला गुंडाळ आणि दांडा धरून ओढ. आकडा हुकावर आला की सोडायचं. दुसरी युक्ती जुन्या मिस्त्री लोकांची. स्प्रिंग त्यांच्या वाइसमध्ये धरून एका अंगाला वाकवायची, वेढ्यांमध्ये फट पडली की तिथे एकेक पातळ वॉशर सारायचा. मग दुसऱ्या अंगाला वाकवून तसंच. सगळ्या फटी भरल्या की स्प्रिंग चांगली लांब होते, आरामात दोन्ही हुकांवर बसते. नंतर स्टँड खाली-वर केला की ताण येऊन वॉशर टपटप गळून पडतात. शेवटचा वॉशर निघाला की नाही, ते मोजून बघ. काहीही कर, पण स्प्रिंग ताणलेली असताना तोंड तिच्या रेषेत आणू नकोस आणि डोळ्यांवर चष्मा असू दे. निसटली तर ती गोफणीतल्या गोट्यासारखी सुटते.

झालं की तपास. स्टँड पायाने खाली करून सोडला तर त्याने स्वतःहून झटकन वर जायला हवं आणि रबरावर टेकायला हवं. सायलेन्सरला, चेनला कुठे लागत नाही ना? गाडी डबल स्टँडवर चढवून मागून हलकेच ढकल, डुगडुगत नाही ना? मग गावातल्या गतिरोधकावरून एक चक्कर, खालून खणखण येत नाही ना? आठवड्याभराने पुन्हा वाकून स्प्लिट पिन बघितलीस की काम पुरं.

आता तू ज्याला घाबरतेस ते, गाडी चढवणं. शंभर किलोच्या वरची गाडी आणि आपण अशा शेवग्याच्या शेंगा, कसं होणार, असंच ना? यात ताकदीचं काम फार थोडं आहे गं. आधी पायात चप्पल नको, टाच असलेला बूट घाल. ओढणी कमरेला बांध. गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहा, गिअर न्यूट्रल, हँडल सरळ. सुरुवातीला साईड स्टँड खालीच असू दे आणि उजव्या बाजूला कोणाला तरी उभं कर. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या दांडीवर. गाडी पूर्ण सरळ कर. उजव्या पायाने जीभ दाबून स्टँड जमिनीला टेकव. टेकला म्हणजे दोन्ही पाय टेकायला हवेत. गाडी हलकीशी डावी-उजवी कर. एकच पाय टेकला असेल तर एका बाजूने खट्ट लागतं, दोन्ही टेकले की ती डुलायची थांबते आणि पायाखाली घट्ट वाटतं.

आणि इथे बहुतेक जणी हातांनी गाडी उचलायला जातात, मग कंबर धरते. हातांनी काही उचलायचं नाही. सगळं अंग उजव्या पायावर टाकायचं, गुडघा सरळ करत त्या जिभेवर जवळजवळ उभंच राहायचं. हात फक्त गाडीला मागे आणि जराशी वर दिशा देतात. स्टँडचा तळ गोलसर असतो, भार पडला की तो त्यावर लोळतो आणि गाडी आपसूक मागे सरकून चढते. पहिले काही दिवस नाहीच जमलं, तर मागचं चाक एका पातळ फळीवर घे आणि स्टँड जमिनीवर टेकव. गाडी आधीच बोटभर उंच झालेली असते, अर्ध्या जोरात चढते. हात बसला की फळी काढून टाक.

उतरवताना दोन्ही हात हँडलवर, सरळ पुढे ढकल, आणि चाक टेकताक्षणी पुढचा ब्रेक. निघताना साईड स्टँड वर घेतला का, हे दर वेळी बघ. जुन्या गाडीला त्याची आठवण करून देणारा दिवा नसतो, आणि डाव्या वळणावर खाली राहिलेला साईड स्टँड रस्त्याला टेकला की गाडी फेकते.

उतारावर डबल स्टँड लावायचाच असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेव. तोंड उताराकडे असलं की एका धक्क्यात ती स्टँडवरून पुढे उतरते. स्टँडवरच्या गाडीवर तान्ह्या पोळ्याच्या नंदीसारखं पोरांना बसवून फोटो काढायचे नाहीत. आणि पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा त्या रॉडला ग्रीस दे.

कागदांचंही उरकून घे. बाबांच्या नावावरून तुझ्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडीला 15 वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. एमएच 32 ची गाडी, म्हणजे काम वर्ध्याच्या आरटीओतच. विमा संपलेला नाही ना, तेही बघ. आणि समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला म्हणून त्यावर हौसेने चढू नकोस, तिथे दुचाकीला बंदी आहे. आपला बुटीबोरी-वर्धा रस्ता बरा.

गाडी नावावर आरटीओ करून देईल. ताब्यात मात्र ती डबल स्टँडवर एकटीला चढवता आली की येते. एवढं जमलं की चेन, ऑइल, पंक्चर, कशासाठीच कोणाची वाट बघावी लागत नाही. तेव्हा मृगाचा पाऊस पडायच्या आत स्टँड बसवून घे. एकदा पेरण्यांची घाई सुरू झाली की मिस्त्रीकडे ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते आणि मग तुझ्या गाडीकडे बघायला कोणाला सवड नसते.